वामनरावांची अक्षत

हे मी आईला सांगितलेलं नाही, नवऱ्याला नाही. देवासच्या टेकडीवर देवीपुढे हात जोडले, तेव्हाही एवढं वगळूनच बोलले. मग तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही ताईंना कधी भेटला नाहीत म्हणून.

ताई म्हणजे एका मोठ्या शहराच्या महापौर. आजोबा आमदार, वडील मंत्री. भाऊ राजकारणात यायला तयार नव्हता, म्हणून वडील गेल्यावर लोक ताईंकडे आले. आधी नगरसेवक, मग महापौर. माझे बाबा देवासला बँडवाल्यांचे कोट शिवायचे. ताईंच्या वडिलांच्या एका शब्दावर मला वसतिगृहात जागा मिळाली, आमच्या घरातली पहिली पदवी मिळाली, आणि पुढे ताईंकडे नोकरीही. ते विसरून मी हे लिहीत नाही.

माझं काम काय? नावं सांगणं. ताईंच्या आजोबांना म्हणे सरदारपूरपासून सतवासपर्यंत प्रत्येक घर तोंडपाठ होतं — कुणाचा मुलगा कुठे शिकतो, कुणाची म्हैस व्याली. लोकांना ताईंकडूनही तेच हवं असतं. म्हणून मी रांगेत आधी सगळ्यांशी बोलून येते, आणि माणूस समोर आला की ताईंच्या मागे उभी राहून हळूच त्याचं नाव सांगते. ताई नाव घेतात. माणूस फुलतो.

पण मला एक कुतूहल होतं. मी नसते तर? भाषणात सगळे म्हणतात, ताईंना आजोबांचीच नजर आहे. खरंच आहे? की त्या फक्त माझा आवाज ऐकतात? वाईट हेतू नव्हता, असं म्हणणार होते — पण हेतूचं काय घेऊन बसायचं?

दसऱ्याला ताई धारच्या घरी येतात आणि लोक सोनं द्यायला रांग लावतात. त्या वर्षी रांगेत सरदारपूरचे वामनराव होते. जुना काळा कोट, हातात आपट्याची पानं. मला म्हणाले, "बेटा, नातीचं लग्न आहे. पहिली अक्षत गणपतीला दिली, दुसरी या घराला. आमच्याकडे पहिल्यापासून तसंच आहे." कोटाच्या खिशात कुंकवाच्या अक्षतांची पुडी होती. बायको उन्हाळ्यात गेली, तेही सांगितलं. मग हसून म्हणाले, "ताईंना मी सभेत खांद्यावर घेऊन फिरलोय. बघू तरी, ओळखतात का."

बघू तरी. मलाही तेच बघायचं होतं.

ते पुढे आले. मी ताईंच्या कानात म्हणाले — सतवासचे गोविंदराव, बायको आजारी असते.

ताईंनी वामनरावांकडे नीट पाहिलं. आणि मग — मग माझंच ऐकलं. "या गोविंदकाका. काकूंची तब्येत कशी आहे?"

मला वाटलं, ते चूक दुरुस्त करतील. हसतील, मीही हसेन, जीभ घसरली म्हणेन. वामनराव म्हणाले, "ठीक है ताई. आता बरी आहे." आपट्याची पानं ताईंच्या हातावर ठेवली. दुसरा हात कोटाच्या खिशापाशी गेला, थोडा वेळ तिथेच राहिला, आणि रिकामा बाहेर आला. मागचा माणूस म्हणाला, "चलो भिया, आगे बढ़ो." ते गेले. मी हाक मारू शकले असते. दारापर्यंत ते हळूहळूच चालत होते.

देवासला देवीच्या दर्शनाला जाताना गाडीत ताईंनी विचारलं, "कल्पना, ते वामनकाका नव्हते का गं? सरदारपूरचे? त्यांच्या कानाची पाळी फाटलेली होती. खांद्यावर बसले की मी तीच धरायचे. आजही तसाच कान दिसला."

म्हणजे नजर होती. मला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं. त्या वेळी खरं बोलले असते तर गाडी वळवता आली असती. अक्षत स्वीकारता आली असती.

मी म्हणाले, "नाही ताई. गोविंदरावच ते."

ताई म्हणाल्या, "आजोबा नसते चुकले." — चुकल्या नव्हत्याच त्या. ते फक्त मला ठाऊक होतं.

लग्न झालं. ताई गेल्या नाहीत, बोलावणंच नव्हतं. वामनराव त्यानंतर दसऱ्याला धारला आले नाहीत. ताईंना वाटतं, काका आता थकले असतील.

आणि त्या दिवसापासून ताईंनी मला पुन्हा कधी विचारलं नाही, हे अमुकच ना म्हणून. पूर्वी माणूस दारातून आत आला की त्या आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघायच्या. आता आधी कान माझ्याकडे करतात, मग नजर वर उचलतात.

मी आता नावं अगदी बरोबर सांगते.