गालातला करंट

सकाळी दात घासून चूळ भरली आणि पाणी बेसिनऐवजी माझ्या कुडत्यावर सांडलं. आरशात पाहिलं तर चेहऱ्याची उजवी बाजू संपावर गेलेली. गाल ढिम्म, ओठ लोंबलेला, डोळाही मिटेना. दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये अशी बातमी लपत नाही. दुपारपर्यंत शेजारणी निदान करून गेल्या, "हवा लग गई, भाभीजी, एसी की." डॉक्टरांनी मेंदूचं काही नाही ना हे आधी तपासलं, मग म्हणाले, चेहऱ्याच्या नसेला सूज आहे, गोळ्या घ्या, बहुतेक लोक बरे होतात. त्या 'बहुतेक'वर मी दिवसभर चरफडत होते.

दिसण्याचं मला फार नव्हतं. ऑफिसात मास्क लावूनही फायली हातावेगळ्या करता येतात. अडचण आईची होती. तिला ऐकू येत नाही. कानातलं मशीन आहे, पण त्यातून दिल्लीचे हॉर्न डोक्यात घुसतात म्हणून ते कायम डबीत. ती ओठ वाचते, तेही फक्त मराठी. बाबा गेल्यावर ती नागपूरहून माझ्याकडे आली, तेव्हापासून या शहरात तिच्याशी बोलणारे ओठ म्हणजे माझे. माझ्या नवऱ्याला झुपकेदार मिशी, तिथे तिचं काही चालत नाही. आणि आता माझेही ओठ अर्धेच हलत होते. प, ब, म म्हणायला गेलं की एका बाजूने हवा निसटायची.

सुरुवातीला ती "काय? परत बोल" म्हणायची. मग "हो हो" म्हणायला लागली. चहा घेतेस? हो हो. कुठे दुखतंय? हो हो. परक्या घरी बसल्यासारखी हसून मान डोलवायची. माझी आई, जिने आजवर कुणाचं पहिलं वाक्य खोडल्याशिवाय सोडलेलं नाही! लिहून दाखवलं तर म्हणाली, "मी काय तुझं ऑफिस आहे, चिठ्ठ्या पाठवायला?" मला त्या 'हो हो'ची धास्तीच बसली. आमच्यात बसूनही ती आमच्यातून निघून चालली होती.

एका रविवारी नवरा मिशी उडवून बाहेर आला. त्याला पाहून आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पण तो बोलला ते मात्र तिला कळेना. हा माणूस ओठ न हलवता बोलतो, हे इतकी वर्षं मिशीमुळे आमच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याने पुन्हा मिशी वाढवायला घेतली.

मग डॉक्टरांनी फिजिओथेरपीला पाठवलं. आईला घरी एकटं सोडवेना, म्हणून तिलाही नेलं. फिजिओथेरपिस्ट हरियाणाची तरुण मुलगी, आवाज खणखणीत. तिने माझ्या मानेमागे ओली पट्टी ठेवली आणि पेनसारखी एक दांडी गालावर टेकवली. मुंग्या आल्या, तोंडात लोखंडी चमचा चाटल्याची चव आली आणि ओठाचा मेलेला कोपरा टुणकन वर उडाला.

"अगं, हलला!" आई स्टुलावरून ओरडली. मग तिच्या हिंदीत, "बेटी, और बढाओ ना थोडा!"

"आंटी, गाल है, ट्रॅक्टर की बॅटरी नहीं."

आईला अर्थातच ते समजलं नाही. ती "हां हां" म्हणाली.

आता वीज काय ते बघून घेईल अशा समजुतीने मी मोबाइल काढला. मुलीने तो काढून बाजूला ठेवला. "मॅडम, करंट सिर्फ याद दिलाएगा, हँसना आपको है. शीशे में देखो, और साथ में हँसो." म्हणजे दांडी टेकली की आपणही जोर लावून हसायचं. कारण नसताना, स्वतःकडे बघून, अर्ध्या चेहऱ्याने. सरकारी नोकरीत साहेबांच्या विनोदांवर हसायची सवय होती, ती इथे कामी आली.

असे बरेच आठवडे गेले. एक दिवस तिने दांडी बाजूला घेतली आणि म्हणाली, "अब बिना करंट." कोपरा थरथरला आणि जेमतेम वर गेला. तिने टाळ्या वाजवल्या. मी उत्साहाने वळून आईला विचारलं, "पाहिलंस?" आई भिंतीवरच्या सांगाड्याचं चित्र पाहत होती. माझ्याकडे वळून गोड हसली, "हो हो."

त्यानंतरही मी आरशासमोर गाल फुगवत राहिले, क्लिनिकच्या वाऱ्याही चालू होत्या. डोळा मिटायला लागला. चूळ तोंडातच राहू लागली. आईला काही विचारायचं मात्र मी टाळायचे, कारण उत्तर ठरलेलं होतं.

मग एका संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारातून, हातात पिशवी घेऊन, अगदी सवयीने बोलून गेले, "आई, भरली वांगी करू?"

"नको," आई म्हणाली. "परवाच तर झाली. आणि तू त्यात दाण्याचं कूट ओततेस नुसतं. ती काय भाजी म्हणायची?"

मी दारातच उभी. ती आणखी बोलत होती, तेल, मीठ, माझ्या सासरची पद्धत, सगळं काढत होती. मग थांबून म्हणाली, "रडायला काय झालं? वांगी नको एवढंच म्हटलं."

त्या दिवशी मी मुद्दाम वांगीच केली. जेवताना ती नावं ठेवत राहिली, मी उलट उत्तरं देत राहिले, आणि माझ्या एकाही उत्तराला ती हो म्हणाली नाही.