चारचं काय?

लग्नाच्या वयात मला दोनच वेडं होती, मूळ संख्या आणि त्यांच्याबद्दल बोलणं. दौंडच्या शाळेत मी गणित शिकवायचो, तिथं ते खपून जायचं. मुली बघायला गेलो की मात्र पंचाईत व्हायची. "मास्तर, बोला की," असं कुणी म्हणायचा अवकाश, मी सुरू. दोन-तीन ठिकाणांहून "कळवतो" असं उत्तर आलं आणि पुढं कुणी काही कळवलं नाही.

नव्वद सालाच्या पुढची गोष्ट. एका उन्हाळ्यात मामा मला केंदूरला घेऊन गेले. वाटेत त्यांनी बजावलं, "आज आकड्यांचं नाव काढायचं न्हाई." ओसरीत एका बाजूला मार्केटला जाणाऱ्या झेंडूची पोती, दुसऱ्या बाजूला सतरंजीवर आम्ही. मुलगी शिरूरच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. करत होती. पोहे देऊन ती पाटावर बसली. मामांनी स्वयंपाकाचं विचारलं, तिच्या वडिलांनी शेतीचं सांगितलं आणि मग ते माझ्याकडे वळले. "तुमाला काय इचारायचं आसंल तर इचारा."

मी विचारलं नाही, सांगायलाच लागलो. कुठलीही संख्या घ्यायची, तिचे मूळ अवयव पाडायचे आणि त्यांची बेरीज करायची. साठ म्हणजे दोन, दोन, तीन, पाच, बेरीज बारा. बाराचे पुन्हा दोन, दोन, तीन, बेरीज सात. सात ही मूळ संख्या, तिचे आणखी अवयव पडत नाहीत, खेळ संपला. "एस्टीची वाट बघताना शेकडो संख्या करून पाहिल्यात," मी छाती फुगवून म्हणालो. "एकच्या पुढची कुठलीही घ्या, शेवटी मूळ संख्येवरच येऊन थांबते." मामा छताकडे बघत होते.

मुलीनं बोटानं शहाबादीवर काहीतरी गिरवलं आणि खालमानेनंच विचारलं, "चारचं काय?"

चारचे अवयव दोन आणि दोन, बेरीज चार. पुन्हा दोन आणि दोन, पुन्हा चार. चार काही मूळ संख्या नाही, आणि तिथून ते जन्मात हलणार नाही. मोठमोठ्या संख्यांचे अवयव पाडण्याच्या नादात मी दहाच्या आतल्या सोप्या म्हणून सोडूनच दिल्या होत्या. आतून तिच्या आईनं बांगड्या वाजवून तिला खुणावलं. वडील गडबडले. "पोर हाय, बोलून गेली. मनावर घेऊ नका." मामांनी टोपी घातली. "मास्तरला बघण्यातच खोटं पाडती, म्हंजी पुढं काय व्हायचं? ऊठ रं."

मला ती आवडली होती. इतकी आवडली होती की पाय उचलेना. मामांच्या शब्दाबाहेर मी तोवर कधी गेलो नव्हतो, आणि आता उठलो तर ही मुलगी गेली, एवढं मला स्वच्छ कळत होतं.

"मामा, बसा," मी म्हणालो. "तिचंच बरोबर हाय. चुकलो मी." मग तिच्या वडिलांना म्हणालो, "मला पसंत हाय. पण आधी तिला इचारा."

तसं विचारायची पद्धत नव्हती. वडील मामांकडे बघत राहिले, मग नाइलाजानं लेकीकडे वळले. "काय गं?"

तिनं पहिल्यांदाच मान वर केली.

"सगळ्यांदेखत चुकलो म्हणालं हे माणूस, आबा," ती म्हणाली. "मला पसंत हाय."