राईतला निवद

ती घटना आठवली की आजही आमच्या हवालदाराचा पांढराफटक चेहरा डोळ्यांपुढे येतो आणि हसू फुटते.

महायुद्धाचे दिवस होते. मी शिराळ्याकडे फौजदार होतो. एका गावच्या पाटलाची वर्दी आली: एका घरची तरणी सून चार दिवस बेपत्ता. नवरा म्हणत होता, राईतल्या हडळीने नेली. त्या राईत दिवसाढवळ्याही कोणी पाऊल टाकत नसे. मला वाटले, गड्याने बायकोचा खून केला आणि आळ हडळीवर ढकलला.

चावडीवर त्याला दिवसभर उलटसुलट विचारले. शेवटी तो चिडला. "हात उचलला, तर पळाली सायेब. घावू दे, जित्ती सोडत न्हाई!" मेलेल्या माणसाला कोणी अशी धमकी देत नाही. बाई जिवंत होती, आणि तिला त्याच्या आधी शोधणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही राईवर गेलो. कडेच्या दगडावर पत्रावळीत पिठलं-भाकरीचा निवद होता. "हडळ शांत व्हावी म्हणून सासू रोज ठेवते," पाटील म्हणाले. मी घास तोडून तोंडात टाकला.

"आवं सायेब, भुताचं खाताय व्हय!" हवालदार ओरडलाच.

भुताला मीठ चालत नाही, त्याचा निवद अळणी, हे आमच्याकडे शेंबडे पोरही सांगेल. या पिठल्यात मीठ व्यवस्थित होते, वर लसणाची झणझणीत चटणी. हडळीचे एवढे लाड कोण करतो?

सासूला बोलावले. तिने पदर पसरला. "ल्योक माजाच हाय. पर तिला त्येच्या हाती देऊ नगासा."

सून राईतल्या पडक्या देवळात सापडली. हात सुजलेला, नजर भेदरलेली.

"मुलाविरुद्ध जबाब द्यावा लागेल," मी सासूला म्हणालो. आता म्हातारी कच खाणार, अशी माझी अटकळ. तिने अंगठा पुढे केला. "कुटं लावू?"

मुलाला शिक्षा झाली. तो सुटल्यानंतर काही महिन्यांनी मी त्या गावावरून जाताना मुद्दाम डोकावलो. तो अंगणात एकटा जेवत होता, सासू-सुना आत हसत-बोलत होत्या.

आई पोटच्या पोराचीच बाजू घेते, हे मी नोकरीत धरूनच चाललो होतो. त्या घराने माझा तो समज कायमचा मोडला.

"हा बाहेर का?" मी विचारले.

"घर तिचंबी हाय," म्हातारी म्हणाली. "तिनं आत ये म्हटलं, की यील."