आत्तीची परवानगी

जगात सर्वांत जास्त वेळा 'नाही' म्हणालेली आणि ते सर्वांत कमी वेळा पाळणारी व्यक्ती म्हणजे माझी आत्ती, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मी हिशेबाच्या नोकरीतला माणूस. मोठी विधानं करायची मला सवय नाही. पण हे मी पडताळून पाहिलेलं आहे. आत्ती म्हणजे माझ्या वडिलांची बहीण. कर्नाटकात, रामनगरहून जोयड्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत, जंगलाला लागून तिचं गाव, आणि गावाला लागून तिची टेकडी. टेकडी पिढ्यान्पिढ्या आमच्या घरची, पण वापर सगळ्या गावाचा. करवंदं तिथली, शिकेकाई तिथली, पावसाळ्यात अळंबी तिथली. बसच्या फाट्याला जायची जवळची वाटही टेकडीवरूनच, नाहीतर ओढ्याला वळसा घालून जावं लागे. वर एक सपाट कातळ होता, तिथे संध्याकाळी अख्खं गाव वाऱ्याला बसायचं. आणि या सगळ्याच्या तोंडाशी आत्तीचं घर, घराच्या ओसरीवर आत्ती.

न विचारता कोणी वर जायचं नाही, हा तिचा नियम. विचारलं की ती 'न्हाई' म्हणणार, हा दुसरा. मग विचारणाऱ्याने हुज्जत घालायची, आणि शेवटी तिने चिडून सोडायचं. पाहुण्याला आपण जेवताना आग्रह करतो ना, तसा आत्तीला परवानगीसाठी आग्रह लागायचा.

"कुठं चाललास गा?"

"फाट्यावर, आक्का. बस गाठायची हाय."

"न्हाई जायचं. लांबनं जा."

"लांबनं गेलो तर बस चुकतीया की."

"चुकू दे. तुझ्या बानं बांधलीया काय ही वाट?"

"आक्का, सासुरवाडीला चाललोय. बायको रुसून बसलीया थितं."

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय रे मुडद्या! जा, पळ. आन् रिकाम्या हातानं जाऊ नको, हे दोन फणसाचे गरे घे."

असं दिवसभर. उळवीच्या जत्रेला जाणारे कानडी यात्रेकरू बैलगाड्या सोडायला टेकडीखाली थांबत. त्यांना ती कानडीत 'ब्याडा' म्हणून नकार द्यायची, ते कानडीत गयावया करायचे, आणि मग ती त्यांना ताक पाजायची. माझ्या निरीक्षणाप्रमाणे दहापैकी नऊ जणांना तिसऱ्या विनवणीला परवानगी मिळे. दहावा चौथ्या विनवणीचा, कारण तो तोतरा होता आणि तिला त्याचं बोलणं पुरतं ऐकायचं असे.

पंचाईत व्हायची ती नवख्यांची. धारवाडकडून बदली होऊन आलेला शाळामास्तर पहिल्याच शनिवारी पिशवी घेऊन आला. आत्ती 'न्हाई' म्हणाली. मास्तर सज्जन, "बरं" म्हणून वळला आणि ओढ्याच्या वाटेला लागला. आत्ती अनवाणी त्याच्यामागे धावली.

"ए मास्तर! माघारी ये! न्हाई म्हटलं म्हणून गप जातोस व्हय?"

"तुम्हीच नको म्हणालात की."

"मी म्हटलं. पण तू का काही म्हटलं न्हाईस? माणूस हायस का दगूड?"

त्या दिवसापासून मास्तर शनिवारी घरून निघतानाच दोन कारणं तयार करून आणायचा. एक खरं आणि एक राखीव.

नव्वदच्या आसपास आमच्याकडे बाहेरच्या लोकांना जंगलाची आवड उत्पन्न झाली. बेळगावचे एक शेट जीप घेऊन आले. कातळावर उभं राहून त्यांनी चौफेर पाहिलं आणि ठरवलं, इथे पाहुण्यांसाठी खोल्या बांधायच्या, भोवती तारेचं कुंपण घालायचं. खाली येऊन त्यांनी आत्तीला विचारलं, टेकडी विकणार का?

आत्ती म्हणाली, "न्हाई."

दुसऱ्या कोणी 'नाही' म्हटलं असतं तर गाव निश्चिंत झोपलं असतं. पण हे आत्तीचं 'न्हाई' होतं. त्यात शेटचा ड्रायव्हर आमच्याच गावचा, त्याने सवयीने सांगून टाकलं, "आक्काचं मनावर घेऊ नका, शेट. तिसऱ्या खेपेला सोडती." सांगून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं, आणि तो दोन दिवस जेवला नाही. आठवड्याने शेट पुन्हा आले, पुन्हा 'न्हाई'. आता राहिली तिसरी खेप. गावकरी माझ्या नोकरीच्या गावी, रामनगरला आले. "तुम्ही भाचं हायसा. या खेपेला तिला खरंखुरं न्हाई म्हणाय लावा." मी जाऊन विचारलं, "आत्ती, काय म्हणणार आहेस?" ती म्हणाली, "येऊ तर दे त्याला."

तिसऱ्या खेपेला शेट सकाळीच आले. आत्तीने चहा दिला, आणि म्हणाली, "मला जेवण करायचं हाय. तू बस जरा माझ्या जागी. कोण आलं तर न्हाई म्हण."

शेट हसले आणि बसले. मी शेजारीच होतो. पहिली आली ती जळणाला निघालेली म्हातारी. शेट म्हणाले, "नाही." ती म्हणाली, "मग चूल तुझ्या टकुऱ्यावर पेटवू काय रे, ल्येका?" शेटनी तिला सोडलं. मग फाट्यावर जाणारा आला, मग म्हशीवाला. एक जण नुसताच कातळावर झोपायला निघालेला. शेटनी जोर धरला, "कुणाकडे? कशाला? काल गेला होतास ना?" असं विचारू लागले. लोकांनी उत्तरं दिली, आजार सांगितले, सासवा सांगितल्या. जेवणवेळेपर्यंत शेटचा घसा बसला आणि माझ्या मोजणीप्रमाणे त्यांनी एकालाही परत पाठवलं नव्हतं. आत्तीपेक्षा लवकर सोडत होते, दुसऱ्याच विनवणीला.

जेवण झाल्यावर आत्ती म्हणाली, "तार घालशील, पर तार बोलत न्हाई. ह्यांच्याशी रोज बोलणार कोण?"

"वॉचमन ठेवीन."

"तुझा घसा अर्ध्या दिसात बसला. त्यो किती टिकंल?"

शेट उठून उभे राहिले. मग म्हणाले, "एकदा शेवटचं विचारतो, आक्का. देता?"

"न्हाई."

अंगणाबाहेर निम्मं गाव उभं होतं. अजून एकदा विचारलं असतं तर काय झालं असतं, हे मी आजही सांगू शकत नाही. शेटनी तोंड उघडलं, मिटलं, "बरं" म्हणाले आणि जीपकडे निघाले.

आत्ती त्यांच्यामागे धावली नाही. होती तिथेच बसून राहिली, आणि पदराने कपाळ पुसलं.

आत्ती जाऊन आता बरीच वर्षं झाली. टेकडी माझ्या नावावर आहे. कुंपण नाही, गेट नाही, कोणीही कधीही जावं. पण गावातून डांबरी रस्ता झाला, बस दारात येते, आणि वाटेवर गवत माजलंय. याला कारण रस्ता आहे, आत्ती नसणं नव्हे, हे हिशेबाने मला मान्य आहे. गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझी बायको कातळापर्यंत जाऊन आलो. कोणी भेटलं नाही. करवंदं खूप लागली होती. जाळीखाली काळा सडा पडला होता.