टॉवरचं मागचं फाटक

परळला हॉस्पिटलांची कमी नाही. आमच्या चाळीच्या गॅलरीतून त्यातल्या एकाची पाण्याची टाकी दिसते. भोईवाड्याच्या कोर्टात तारखेला आलेली माणसं आणि पेशंटचा डबा घेऊन निघालेले नातेवाईक, दोघांनाही रस्ता दाखवत मी इथे मोठा झालो. आपल्याच घरातून त्या हॉस्पिटलात पोचायची पंचाईत होईल असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

पूर्वी गिरणीच्या भिंतीला लागून एक बोळ थेट मोठ्या रस्त्याला निघायचा. गिरणी पडली, टॉवर उभा राहिला आणि बोळ टॉवरच्या आवारात गेला. बदल्यात, चाळीची सही लवकर मिळावी म्हणून, बिल्डरने पाण्याची नवी टाकी आणि संडासांना लाद्या देऊ केल्या. मीटिंगमध्ये मी एकटा विरोधात उभा राहिलो. दादरच्या फुटपाथवर चादरी विकून मी धंदा उभा केला आहे, आज लालबागला दुकान आहे. समोरच्याला घाई असते तेव्हा काय मागून घ्यायचं हे मला कळतं. मी म्हटलं, लाद्या आपण आपल्या बसवू, बोळ उघडा राहील एवढं लिहून घ्या. चाळीचा सेक्रेटरी म्हणाला, "शेठ, इथे तरी घासाघीस नको. हे दुकान नाही." सगळे हसले. मी खुर्ची लाथाडून निघून गेलो. लाद्या बसल्या आणि बोळाच्या तोंडाशी लोखंडी फाटकही बसलं. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

राहिला मागचा रस्ता, बाजारातून वळसा घालून जाणारा. गणपतीच्या आधी मंडपाचे बांबू पडले की त्यातून स्कूटरही मुश्किलीने निघते.

अशाच दिवसांतली दुपार. मी जेवायला घरी आलो होतो. बायको पोळी लाटता लाटता थांबली आणि भिंतीला टेकून खाली बसली. छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतंय म्हणाली. तिचा ब्लाउज घामाने भिजला होता. मी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन लावला. ड्रायव्हर नवखा होता. त्याला सांगितलं, गिरणीच्या गेटावरून डावीकडे, रेशनच्या दुकानाशी आत, पिंपळासमोर आमची चाळ.

"काका, गिरणी कुठली? इथे सगळे टॉवरच आहेत."

मी त्याच्यावर ओरडलो. त्याच्या बापालाही सोडलं नाही. मग लक्षात आलं, गेट नाही, रेशनचं दुकान नाही, पिंपळही रस्तारुंदीत गेला. मी त्याला जे सांगत होतो त्यातलं काहीच उरलेलं नव्हतं. शेवटी त्याला म्हटलं, टॉवरपाशी ये, मागच्या फाटकाला थांब.

फाटक बंद होतं. तिथला वॉचमन साताऱ्याकडचा, माझ्याच वयाचा. त्याचं माझं रोज वाजायचं. आठवड्यापूर्वीच मी त्याला टॉवरवाल्यांचा कुत्रा म्हटलं होतं. धावत खाली गेलो आणि सवयीने हात पाकिटाकडे गेला. काय दिलं तर हा लवकर ऐकेल, एवढंच डोक्यात होतं. मी तोंड उघडायच्या आधी त्याने माझ्याकडे पाहिलं आणि किल्ल्यांचा जुडगा काढला.

"पाकीट आत ठेवा शेठ. कोण आजारी आहे? खुर्चीवर बसवून आणा, चालवू नका."

मग त्याने टॉवरच्या पुढच्या गेटवर फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स आत घ्यायला लावली. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी तिला जिन्यावरून उतरवलं. खुर्चीचा पुढचा पाय सेक्रेटरीने धरला होता. वळणावर खुर्ची कलली तेव्हा मी तिला खांद्याला धरून सावरलं. बायको डोळे मिटून होती. फाटकापाशी आल्यावर हळूच म्हणाली, "अहो, गॅस बंद केलात का?" केला नव्हता. शेजारच्या काकींना धाडलं.

अ‍ॅम्ब्युलन्स टॉवरच्या बागेतून, कारंज्याला वळसा घालून बाहेर पडली. चालत गेलो असतो तरी चाललं असतं इतकं जवळ हॉस्पिटल. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत.

तिला घरी आणलं तेव्हा फाटकावर दुसराच वॉचमन होता. साताऱ्याच्या त्या वॉचमनला सिक्युरिटी एजन्सीने काढलं, परवानगीशिवाय बाहेरची गाडी आत घेतली म्हणून. त्याला शोधायला मी एजन्सीत गेलो. पत्ता सांगत नाहीत. त्याने माझ्याकडून काहीच घेतलं नाही, हे मला अजून टोचतं.

आता सेक्रेटरी म्हणतो, "शेठ, टॉवरच्या कमिटीशी तुम्हीच बोला. भाव करणं तुम्हालाच जमतं." मी गेलो. एसी केबिनमध्ये बसवलं, पाण्याची बाटली दिली. फाटकाची एक किल्ली चाळीकडे द्या म्हटलं. ते म्हणाले, तसाच प्रसंग आला तर उघडूच की. प्रसंग आहे की नाही हे कोण ठरवणार, असं विचारलं तर पाण्याची आणखी एक बाटली पुढे सरकवली. जन्मभर मी भाव केले ते उठून चालू लागायच्या जोरावर. सौदा पटला नाही की उठायचं, चार पावलांत हाक येते. इथे उठलो तर कुणी हाक मारत नाही, आणि उठून मला परत त्याच फाटकामागे जायचं असतं. बिल्डरला घाई होती तेव्हा आम्ही लाद्या घेऊन बसलो.

बायको आता बरी आहे. पण ती कपडे वाळत घालताना थांबली तरी मी हातातलं टाकून तिच्याकडे जातो. तिच्या औषधाची वेळ झाली की मी आधी गॅलरीतून फाटक बघून घेतो, तिथे कोण उभं आहे ते. वॉचमन सारखे बदलतात. नवा आला की मी दुकानाला जायच्या आधी खाली जातो, चहा पाजतो, गाव विचारतो. मग वर बोट दाखवून सांगतो, "ती तिसऱ्या मजल्यावर उभी आहे ना, ती माझी बायको. चेहरा लक्षात ठेव."

ती हात करते. परवाच्या नवीन वॉचमनने मान वर करून पाहिलं, आणि किल्ली त्याच्याकडे नसते, टॉवरच्या ऑफिसात असते, असं सांगितलं.