भिवासाठी मशीन पाहताना

नुकत्याच कापलेल्या ओल्या फांदीला एक वास असतो. कोवळी काकडी चिरताना येतो तसा हिरवागार, त्यात कच्च्या चिंचेची आंबूस छटा, आणि सगळ्याच्या मागून जिभेपर्यंत पोहोचणारा एक तुरट, गंभीर दरवळ. एप्रिल-मेच्या दिवसांत दादर-परळच्या आतल्या गल्ल्यांतून चालताना हा वास अवचित अंगावर येतो. वर पाहावं तर एखाद्या वृद्ध वृक्षाच्या खांद्यावर कुणी माणूस दोराने बांधून घेऊन उभा असतो आणि खाली पानांचा हिरवा ढीग साचत असतो. पावसापूर्वी झाडांचे केस कापण्याचा हा मोसम. माझी धाकटी बहीण शुभा या दोन महिन्यांत घरी आली, की तिच्यासोबत हा वासही उंबरठा ओलांडून येतो, आणि मला वाटतं, अत्तर लावून मिरवणाऱ्या बायकांनी हिचा हेवा करावा!

शुभा आणि तिचा नवरा विलास गेली वीस वर्षं झाडं छाटण्याची कंत्राटं घेतात. सोसायटीने महापालिकेकडून परवानगी आणायची, यांनी माणसं आणि दोर घेऊन जायचं. चार वर्षांपूर्वी विलासच्या पाठीचा मणका सरकला. तेव्हापासून तो डिलाईल रोडच्या खोलीत पलंगावर टेकून फोन आणि कागद सांभाळतो, आणि झाडाखाली शुभा उभी राहते. झाडावर मात्र पहिल्यापासून एकच माणूस, भिवा. सावंतवाडीकडचा, पन्नाशी ओलांडलेला, सुकलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा काटक. चढण्याआधी तो चपला काढतो, खोडावर तळहात ठेवून क्षणभर उभा राहतो आणि मग खारीच्या सहजतेने वर जातो. तो देवाला नमस्कार करतो असं मला वाटायचं. एकदा विचारलं, तर म्हणाला की झाड आतून पोकळ असेल तर हाताला कळतं. मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण मुलांच्या पाठीवर हात ठेवून त्यांच्या आतलं ओळखायची ही विद्या मला पुरती कधी साधली नाही.

तर झालं असं, की यंदा चैत्रात दादरच्या एका जुन्या गल्लीत भिवा आंब्यावर होता. हातात नवी चेनसॉ, म्हणजे साखळीला दात असलेली पेट्रोलवरची करवत. शुभाने ती मोबाइलवर पाहून मागवली होती. छायाचित्र देखणं, खाली अनोळखी माणसांनी दिलेले भरघोस तारे. भिवाने फांदी उतरवली, घोडा, म्हणजे वेग देणारी बोटाखालची कळ, सोडला. घोडा सोडला की साखळीने तिथल्या तिथे निमूट व्हायचं असतं, इंजिन हळू गुरगुरत राहिलं तरी. ही साखळी झाली नाही. हळूहळू सरपटत राहिली, आणि भिवा मशीन कमरेला अडकवायला गेला तेव्हा त्याच्या दोराला लागली. दोराचे बाहेरचे पीळ क्षणात तुटले. तो नेहमी दोन दोर बांधतो म्हणून निभावलं.

भिवा खाली आला. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. त्याने तुटलेला दोर शुभाच्या हातात ठेवला आणि म्हणाला, "वयनी, झाडान माका कधी फसवूक नाय. ही मशीन फसवता. हिका घेवन मी चढूचंय नाय."

त्यानंतर पंधरा दिवस तो हातकरवतीने काम करत राहिला. जी फांदी मशीनने घटकाभरात उतरते, तिला अर्धा दिवस लागू लागला. परवानग्यांच्या मुदती सरत होत्या. अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत एका वर्षावृक्षाची प्रचंड फांदी तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीवर झुकली होती, आणि तिथल्या बाई रोज फोन करून पावसाची आठवण देत होत्या. विलासने सुचवलं, की मशीन घेऊन चढणारा दुसरा माणूस बघू या. शुभा माझ्याकडे आली, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली, "ताई, माणूस मिळेल गं. पण वर भिवाभाऊ नसले तर मला खाली उभं राहवणार नाही. त्यांना पटेल अशीच मशीन घ्यायची. तू येशील बरोबर? मशीनसोबतची पुस्तकं इंग्रजीत असतात."

म्हणून या वयात मी चेनसॉचा अभ्यास केला! पुतण्याच्या संगणकावर बसून माहितीपत्रकं वाचली, वहीत बावीस प्रश्न काढले. पहिला प्रश्न अर्थातच इंजिनाच्या ताकदीचा. परीक्षकाची खुमखुमी निवृत्तीनंतरही जात नाही हो.

आता मला सांगा, एखादी वस्तू विश्वासाची आहे हे विकत घेण्यापूर्वी कळतं तरी कसं? माठ आपण बोटाच्या पेराने वाजवून घेतो, कलिंगड कानाशी धरून थोपटतो, तांदळाचे दोन दाणे दाताखाली चावतो. शुभाचं लग्न ठरवताना आमचे वडील विलासच्या ऑफिसात, चाळीत, एवढंच काय त्याच्या न्हाव्याकडेही चौकशी करून आले होते. न्हाव्याचं मत सर्वांत निर्णायक ठरलं, कारण त्याच्यासमोर माणूस फार वेळ खोटा बसू शकत नाही. तसा या मशीनचा न्हावी कोण?

तो भिवालाच ठाऊक होता. लालबागच्या एका गल्लीत रफिकभाई नावाचे गृहस्थ फवारणीची आणि झाडं कापायची यंत्रं दुरुस्त करतात. काळ्या तेलाने रंगलेलं लाकडी बाक, त्यावर पोटं उघडी टाकलेली इंजिनं, आणि कोपऱ्यात मृत मशीनचा ढिगारा. मी वही उघडली. रफिकभाईंनी माझे पहिले चार प्रश्न अदबीने ऐकले आणि मग हसून त्या ढिगाकडे हात केला.

"बाई, विकणाऱ्याला सगळं चांगलंच दिसतं," ते म्हणाले. "माझ्याकडे काय मरून पडलंय ते बघा. आणि काय पडलेलं नाही, ते पण बघा."

केवढं शहाणपण होतं त्या वाक्यात! ढिगातल्या बहुतेक मशीन एकाच तऱ्हेच्या निघाल्या, सोबत नेलेली आमचीही त्यांचंच भावंड. रफिकभाईंनी तिचं पोट उघडून दाखवलं. क्लचमधली एवढीशी स्प्रिंग सैल पडली होती. इंजिन मंद झालं की तिने साखळीला सोडून द्यायचं, तर ती सोडतच नव्हती. बदलायला तशी स्प्रिंग बाजारात मिळतच नाही, कारण ज्यांनी मशीन विकली त्यांनी सुटे भाग कधी आणलेच नाहीत. मग त्यांनी दुसरी एक मशीन दाखवली, उन्हापावसाने रंग उडालेली. आठ पावसाळे चाललेली ही मशीन धार लावायला आणि हवेची जाळी बदलायला तेवढी येते, असं ते म्हणाले. भिवाने ती उचलली, वजन तोललं, दोन्ही हातांनी नांगरासारखी धरून पाहिली. ही जमिनीवर उभं राहून चालवायची, झाडावरची त्याच बनावटीची लहान येते, तीच मागा, असं रफिकभाईंनी सांगितलं. शिवाय निघताना बजावलं, की जो दुकानदार खोकं उघडून मशीन चालवून दाखवणार नाही, त्याच्या दुकानात पाणीसुद्धा पिऊ नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं नागदेवीला गेलो. अहाहा, काय तो बाजार! बोल्ट, पाने, पंप, साखळ्या, पट्टे. जगातली प्रत्येक वस्तू जणू सुटी करून तिथे टांगलेली. पहिल्या दुकानात आमचं स्वागत सरबताने झालं. विक्रेत्याने भिवाकडे पाहिलंही नाही. तो माझ्याशी आणि माझ्या वहीशीच बोलत राहिला, आणि मला लाज वाटते सांगायला, मी सुखावले. बावीसपैकी एकोणीस प्रश्नांना त्याने पैकीच्या पैकी गुण मिळवले. खोकं उघडा म्हटल्यावर मात्र तो सील, वॉरंटी, कंपनीचे नियम असं काहीबाही सांगू लागला. भिवाने सरबताचा न उष्टावलेला पेला काउंटरवर ठेवला आणि तो बाहेर जाऊन उभा राहिला. आम्ही दोघी त्याच्या मागोमाग निघालो.

दुसरं दुकान अरुंद, एक माणूस आडवा उभा राहिला तर दुसऱ्याने बाहेर थांबावं एवढं. मालक साठीचे, चष्मा कपाळावर. चढणारा कोण, हा त्यांचा पहिला प्रश्न. भिवाने मान हलवली, तेव्हा त्यांनी खोकं त्याच्याच पुढ्यात ठेवलं आणि सुरी त्याच्या हाती दिली. पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळलं. मशीन फुटपाथवर आणली, हातमोजे घातले, साखळीचा ब्रेक लावला, आणि ती एका पायाखाली पक्की दाबून दोरी ओढली. पहिल्यांदा नुसता खोकला, दुसऱ्यांदा ती खडखडून जागी झाली. मग ब्रेक काढून पांढऱ्या पुठ्ठ्यावर टोक धरून वेग दिला, तर तेलाचा बारीक शिडकावा रेघेसारखा उमटला. म्हणजे साखळीला वंगण पोहोचतंय. पुढे ते तिच्या ताकदीविषयी सांगू लागले, आणि मी वही सरसावली.

भिवाने हात वर केला. "सुरू सगळीच होतत," तो म्हणाला. "थांबता कशी, ता दाखवा."

माझ्या बावीस प्रश्नांत हा प्रश्न नव्हता! दुकानदारांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, भिवाकडे नीट पाहिलं, आणि मशीन त्याच्याच हातात दिली. भिवाने वेग दिला, सोडला. साखळी निमूट. पुन्हा दिला, पुन्हा सोडला. असं वीसेक वेळा. मनगटाने पुढची कडी ढकलून ब्रेक लावून पाहिला. मग इंजिन चांगलं तापू दिलं, बंद केलं, चहा येईस्तोवर थांबला आणि गरम मशीन पुन्हा सुरू करून तेच सगळं नव्याने केलं. येणारेजाणारे थबकून बघत होते, पेट्रोलच्या धुराने माझे डोळे चुरचुरत होते, आणि शुभा त्या साखळीकडे एकटक पाहत होती. शेवटी भिवाने विचारलं, की क्लचची स्प्रिंग सुटी मिळते का. दुकानदारांनी मागच्या खणातून दोन काढून काउंटरवर ठेवल्या आणि सांगितलं, की दोन वर्षांनी बदला, बिघडायची वाट बघू नका. या मशीनचा दोष काय, असंही शुभाने विचारलं. गर्दीच्या धुळीत हिची हवेची जाळी लवकर भरते, रोज साफ करावी लागेल, असं ते सरळ म्हणाले. आपल्या मालाचा दोष मागितल्याबरोबर देणारा माणूस! आम्ही तिथेच मशीन घेतली.

तीन दिवसांनी अँटॉप हिल. मीही गेले होते, आता मला कोण अडवणार? भिवा दोन दोर बांधून वर्षावृक्षावर चढला. गॅलरीवर झुकलेल्या फांदीपाशी स्थिरावला, मशीन सुरू झाली, आणि भुसा पिवळ्या धुक्यासारखा खाली उतरू लागला. बोटभर काप गेला असेल नसेल, तोच एक कावळी कर्कश ओरडत थेट भिवाच्या तोंडावर झेपावली. त्याचा डावा हात आपसूक चेहऱ्याकडे गेला, उजव्याचं बोट घोड्यावरून निसटलं. शुभाने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडी रुतली. पण घोडा सुटताक्षणी साखळी जागच्या जागी थिजली होती. भिवाने इंजिन बंद केलं, पानं बाजूला सारली आणि आत डोकावला. हातभर अंतरावर घरटं होतं. आत तीन पिल्लं, चोची वासलेली.

तो खाली उतरला आणि म्हणाला, की ही फांदी आज नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वरूनच पावसाचं काय म्हणून विचारलं. शुभाने खालूनच सांगितलं, "पिल्लं उडाली की त्याच दिवशी येते. तोवर फांदी दोराने बांधून ठेवते." भिवाने पुन्हा वर जाऊन ती वरच्या जाड फांदीला दुहेरी दोराने जखडून टाकली.

त्या बाईंचे रोजचे फोन थांबले नाहीत, त्यांचा विषय मात्र बदलला. आज पिसं दिसू लागली. आज एक कठड्यावर आलं. मग एके सकाळी दबलेल्या आवाजात, की त्यातलं एक कावळ्यासारखं ओरडतच नाही, कोकिळेचं तर नसेल? कोकिळेचंच होतं! कावळी तिघांनाही सारख्याच लगबगीने भरवत होती. तिची फसवणूक झाली असं आपण म्हणतो. पण जे पोट पुढ्यात आलं ते भरायचं, एवढाच तिचा धर्म असेल, तर ती त्यात तसूभरही चुकली नव्हती. मला तिचं हसू आलं नाही, कौतुकच वाटलं.

अखेरीस फोन आला, की तिसरंही उडालं, या आता. मेघ अजून समुद्रापलीकडे होते. आम्ही पोहोचलो तेव्हा भिवा जमिनीवर उकिडवा बसून जाळी झटकत होता. मग मशीन सुरू करून त्याने घोडा दाबला, सोडला, दाबला, सोडला. मी विचारलं, "भिवा, एवढी पारखून घेतली, अजून विश्वास नाही बसला?"

त्याने खोडावर तळहात टेकवला आणि हसला. "बसतलो, बाई. घाई कित्याक?"

आणि तो वर चढू लागला.