जावेला माफ केल्याची साक्ष

जानेवारीतला तिसरा रविवार. पहाटे गारवा, आठपर्यंत मुलुंडवर धुरकट चादर, मग लख्ख ऊन. वारा नाही.

किस्सा सांगायला हवामान कशाला, असं तुम्ही म्हणाल. पण मला त्याशिवाय सुरुवातच करता येत नाही. लग्नाच्या आधीपासून रोज डायरी लिहिते. शिक्षण दहावीपर्यंतचं, लिहायला कुणी शिकवलं नाही. आधी तारीख, मग हवा, मग जे घडलं ते, एवढीच माझी पद्धत. आणि जे घडलं तेच. त्या रविवारी मात्र, कुठल्या तोंडाने सांगू, जे घडलंच नव्हतं ते मी घडलं म्हणून सांगितलं. तेही चर्चमध्ये. तेही माइकवर. चहा घ्या तुम्ही, गार होईल.

आमचा ख्रिस्ती लेखकांचा एक गट आहे. सगळे उपनगरातले, सगळे पदरमोड करून पुस्तक काढलेले. आमची पुस्तकं वाचतं कोण? आम्हीच. बाकीच्या प्रती दिवाणाखाली. महिन्यातून एकदा घाटकोपरला एका चर्चच्या मागच्या खोलीत जमतो. प्रार्थना होते, चहा होतो, मग प्रत्येक जण दुसऱ्याच्या पुस्तकाची काळजी वाहतो. कारण आपल्या पुस्तकाची स्तुती आपल्या तोंडाने करायची नाही, असा आमचा नियम आहे. शोभत नाही ना ते! म्हणून चिठ्ठ्या टाकतो. जिच्या नाहीतर ज्याच्या नावाची चिठ्ठी हाती येईल, त्याचं पुस्तक आपण खपवायचं.

मला भालेराव सरांची चिठ्ठी आली आणि सरांना माझी.

सर निवृत्त शिक्षक. बायको गेल्यापासून घाटकोपरला एकटेच राहतात. पुस्तकाचं नाव 'कडी आतून आहे', विषय क्षमा. मी ते हातात पेन्सिल घेऊन दोनदा वाचलं. चांगलं आहे. दोन ठिकाणी बायबलच्या वचनांचे संदर्भ चुकलेत, ते मी त्यांना कळवले. पण सरांची अडचण वेगळीच होती. त्यांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललेली. महिनाअखेर घर रिकामं करून मालाडला लेकीकडे जायचं. लेकीचं घर वन रूम किचन. ती म्हणाली, बाबा, तुम्ही या, पुस्तकं नका आणू. रद्दीवाला येऊन गठ्ठा बघूनही गेला होता.

"मनोरमाबाई, त्याने उघडूनसुद्धा बघितलं नाही," सर म्हणाले. "नुसतं हाताने उचलून वजन सांगितलं."

हे ऐकल्यावर मी काय करणार? म्हटलं, सर, महिनाअखेर तुमच्याकडे एक प्रत उरणार नाही. दयेने म्हटलं, खरंच. पण त्यांचं मी खपवलं तर माझं ते खपवतील, हेही मनात होतं. लपवून काय करू?

आता मुलुंडच्या आमच्या चर्चच्या पाळकांचा, म्हणजे पास्टरांचा, दंडक असा, की उपासनेत जाहिरात नाही. पुस्तक असो, लोणचं असो, नाही म्हणजे नाही. साक्ष द्यायची तर द्या. साक्ष म्हणजे देवाने आपल्या आयुष्यात काय केलं ते मंडळीसमोर उभं राहून सांगायचं. मी विचार केला, साक्षीतच पुस्तकाचं नाव घेऊ. देवाचंही होईल, सरांचंही होईल.

माझ्या आधी उठले त्यांनी मूतखड्याची साक्ष दिली. ऑपरेशनची तारीख ठरलेली, मंडळीने प्रार्थना केली, खडा आपोआप पडला. डॉक्टरही चाट. मंडळी गहिवरली. आणि त्याच्या पाठोपाठ मी. हातात एकशे बारा पानांचं पुस्तक.

म्हटलं, मी हे पुस्तक वाचलं. पुढे? सगळे बघतायत. म्हटलं, फार चांगलं आहे. मागे एक मूल रडायला लागलं, दोन बाया घड्याळ बघायला लागल्या, आणि माझ्या डोळ्यांपुढे तो रद्दीवाला उभा राहिला. मग माझ्या तोंडून निघालं,

"हे पुस्तक वाचून मी माझ्या जावेला माफ केलं."

मागून आवाज आला, "हालेलूया!"

तुम्हाला सांगते, त्या हालेलूयाची चव वाईट. एकदा लागली की माणूस थांबत नाही. मी म्हटलं, चार वर्षांचा अबोला संपला. मंडळी म्हणाली, स्तुती असो! मी म्हटलं, काल मी तिला फोन केला. स्तुती असो! मी म्हटलं, आम्ही दोघी फोनवर रडलो.

धाकटी जाऊ, सुलू, बोरिवलीला राहते. चार वर्षांचा अबोला, एवढं खरं होतं. सासूबाईंच्या स्मरणसभेत तिने सगळ्यांदेखत मला सांगितलं होतं, तुमची ती डायरी घाला चुलीत. का म्हणाली, ते पुढे येईलच. मी मात्र ती म्हणाली एवढंच धरून बसले होते. आणि फोन? तो करायचा होता. आदल्या दिवशी मी डायरीत लिहिलंही होतं, 'उद्या संध्याकाळी सुलूला फोन करणे.' म्हणजे माफी ठरलेलीच होती. सकाळी जाहीर केली आणि संध्याकाळी दिली, तर बिघडलं काय? अशी मी मनाची समजूत घातली. रडण्याचं काय, ते रडणं फोन लागल्यावर आलंच असतं की.

उपासना सुटल्यावर पिशवीतल्या सगळ्या प्रती हातोहात गेल्या. मूतखडावाल्यांनीसुद्धा घेतली. मी सरांना फोन लावला. सरांनी किती गेल्या ते दोनदा विचारलं. मग म्हणाले, आणखी आणून देऊ का?

आमच्या चर्चची उपासना मोबाइलवर दिसते, हे मी विसरले होते.

घरी येऊन कुकर लावला. दुसरी शिट्टी व्हायच्या आत दीर विजयचा ह्यांना फोन. हे नुसते हं हं करत ऐकत होते आणि माझ्याकडे बघत होते. फोन ठेवून शांतपणे म्हणाले, "सुलू विचारतेय, तुम्ही दोघी रडलात ते नक्की कधी?"

माझं तेवढं बोलणं कुणीतरी कापून पुढे पाठवलं होतं. मी मुलुंडहून मुलुंडला घरी पोचायच्या आत ते बोरिवलीला सुलूच्या चर्चमध्ये पोचलं. तिथल्या बाया तिला धरून विचारायला लागल्या. जावेने माफ केलं, बरं झालं गं बाई. पण तू केलं होतंस तरी काय?

बघा म्हणजे. माफ केलं म्हटलं की गुन्हा आलाच. हे मला आधी सुचलं नव्हतं. सरांच्या पुस्तकात होतं ते, सातव्या प्रकरणात. मी त्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती.

संध्याकाळी मी सुलूला फोन केला. उचलला नाही. सोमवारी केला, उचलला नाही. मंगळवारी सरांचाच फोन, आवाजात तरुणपणा आलेला. शनिवारी घाटकोपरला हॉल मिळालाय. पुस्तकाचा छोटा कार्यक्रम करू. तुम्ही दोघी जावा स्टेजवर आलात तर उरलेला गठ्ठा तिथेच संपेल. सुलोचनाबाईंशी बोलणंही झालंय. त्या येते म्हणाल्या.

सरांना तिचा नंबर दिला कुणी? आमच्या ह्यांनी. त्यांनी मागितला, मी दिला, म्हणाले. तुमचं तर जुळलंय ना आता?

सरांना तेव्हाच खरं सांगायला हवं होतं, कळतंय मला. पण ते उरलेल्या गठ्ठ्याबद्दल असे बोलत होते, की जीभ उचललीच नाही. मी ठरवलं, आधी सुलूला गाठू. बुधवारी गोरेगावपर्यंत आरेच्या जंगलातून जाणाऱ्या बसने आणि पुढे लोकलने गेले. सगळं जंगल पार होईपर्यंत वाक्यं जुळवत होते. सुलू, माझं चुकलं. सुलू, माझं जरा चुकलं. सुलू, सरांची बिल्डिंग पडतेय.

सुलूने दार उघडलं, बसा म्हणाली, चहा दिला, बरोबर खारी दिली. सासूबाईंच्या फोटोला हार ताजा होता. मी वाक्य काढलं की ती साखर हवी का विचारायची. शेवटी मी कप ठेवून म्हटलं, सुलू, मला तुझ्याशी बोलायचंय.

"शनिवारी बोलू की, ताई," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर. तुम्ही पण सगळ्यांसमोरच बोललात ना?"

शनिवार. आकाश निरभ्र, दुपारी ऊन कडक. हॉल भरलेला. आमचा सगळा गट आलेला, पाळक आलेले, मूतखडावाले सहकुटुंब. टेबलावर सरांच्या पुस्तकांची भिंत. सरांनी बायकोने घेतलेला जुना कोट घातला होता. त्यांनी आधी सुलूला बोलावलं. मी पहिल्या रांगेत.

"सलाम," सुलू म्हणाली. "मी सुलोचना. ती माफ झालेली, ती मीच."

लोक हसले. मीही हसले, इलाज नव्हता.

"मला माफ केलं हे मला चर्चमध्ये शेजारच्या बाईच्या मोबाइलवर कळलं. ताई म्हणाल्या आम्ही दोघी रडलो. मी त्या दिवशी कोलंबी सोलत होते."

सर माझ्याकडे बघायला लागले. मी पर्समध्ये रुमाल शोधत होते, जो माझ्या हातातच होता.

"तर माझा गुन्हा सांगते," सुलू म्हणाली. "सासूबाई गेल्या. त्यांच्या स्मरणसभेत मी बोलायला उभी राहिले. जन्मात पहिल्यांदा माइक धरला होता. मी म्हटलं, सासूबाई राहुरीहून मुंबईला आल्या. ताई खालून म्हणाल्या, संगमनेरहून. मी म्हटलं, त्या मला सून नाही, लेक म्हणायच्या, मी आले तेव्हा दारात उभ्या होत्या. ताई म्हणाल्या, दारात मी होते, त्या आत होत्या. मला रडू येत होतं, तरी बोलत होते. तिसऱ्यांदा त्यांनी गाण्याचं कडवं दुरुस्त केलं. मग माझ्या तोंडून गेलं, तुमची ती डायरी घाला चुलीत. माझी सासू गेली होती हो. मला तिच्याबद्दल चार वाक्यं बोलायची होती. ती राहिली ती राहिलीच. डिसेंबरचा महिना होता..."

"नोव्हेंबर," मी म्हणाले.

खरं सांगते, मी नाही म्हणाले. तोंड म्हणालं. पहिल्या रांगेतून, खणखणीत.

सुलूने माइक खाली घेतला, मंडळीकडे बघितलं, परत वर घेतला.

"बघितलंत?" म्हणाली.

मग जो हशा उसळला, तो आज आठवला तरी कान तापतात. पाळक डोळे पुसत होते. आमचे हे भिंतीकडे तोंड करून खांदे हलवत होते. हसले नाहीत ते फक्त सर. हशा ओसरल्यावर सुलू त्यांच्याकडे वळली.

"सर, मला एक पुस्तक द्या. ताईंनी मला माफ केलं, खोटं का होईना, जाहीर तरी झालं. मी त्यांना अजून केलेलं नाही. वाचून बघते. गुण आला तर कळवीन."

त्यानंतर मी स्टेजवर गेले. फोन केला नव्हता म्हणाले. रडलो नव्हतो म्हणाले. सुलूचं काही चुकलं नव्हतं, तिला तिची चार वाक्यं मी बोलू दिली नाहीत, म्हणाले. खाली उतरताना टेबलाचा आधार घेतला, आणि टेबलावरची भिंत कोसळली. पुस्तकं उचलायला लोक पुढे आले आणि उचललेली बहुतेकांनी परत ठेवली नाहीत, विकत घेतली.

सर दारापर्यंत माझ्याबरोबर आले. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघू शकत नव्हते. ते म्हणाले, "मनोरमाबाई, तुमच्यासाठी मला माझंच पुस्तक परत वाचायला घ्यावं लागणार."

दुसऱ्या दिवशी आमच्या चर्चमध्ये उठून मी आधीची साक्ष मागे घेतली. हालेलूया कुणी म्हटलं नाही. पाळकांनी तेव्हापासून साक्षीची वेळ दोन मिनिटांवर आणली आहे.

महिनाअखेर सर मालाडला गेले, तेव्हा त्यांच्याकडे पुस्तकाची एकच प्रत होती, त्यांची स्वतःची. ठरल्याप्रमाणे पुढच्या महिन्यात ते माझ्या पुस्तकावर बोलले. आधीच म्हणाले होते, तुमच्या पुस्तकाबद्दल मी खरं तेवढंच बोलणार. माझ्या दोन प्रती गेल्या.

सुलू मला फोन करत नाही. पण दर रविवारी ह्यांच्या मोबाइलवर तिचा निरोप येतो, नुसता पानाचा आकडा. पहिल्या रविवारी, 'पान ९.' मग 'पान २३.' मग 'पान ४१.' मार्चच्या सुरुवातीला 'पान ८८' आलं आणि त्याच आठवड्यात विजयच्या वाढदिवसाचं बोलावणं आलं. आम्ही गेलो. सुलूने मला शेजारी बसवून घेतलं, ताटात स्वतःच्या हाताने वाढलं. केक कापताना ती पाहुण्यांना म्हणाली, आमचे हे आज बावन्न वर्षांचे झाले.

मी त्रेपन्न म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आकाश ढगाळ, उकाडा. दुपारी निरोप आला, 'पान १.'